आईचं खुब्याचं हाड मोडलं, आता माझा नंबर का?

गेल्या अंकात मी न्हाणीघरात घसरून पडण्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, खुबा मोडून आलेल्या दोन-तीन आज्यांबद्दल. त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आलेत की वाचता वाचता पुरेवाट झाली, आणि गंमत म्हणजे पडू नये म्हणून काय करायचं हे कोणीच विचारलं नाही, सगळ्यांचं एकच, डॉक्टर हे आनुवंशिक असतं का हो. म्हणून हा महिना हाडांचाच. पत्रं थोडी कापलीयत, नावं काढून टाकलीयत.

प्रश्न : माझं वय ५२, राहणार जुळे सोलापूर. पाळी ४८व्या वर्षी गेली. आई ६६ वर्षांची असताना उंबऱ्याला पाय अडकून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. मोठ्या मावशीला तर पार पोक आलंय. आता एका लॅबवाल्याचा फोन आला की थुंकीवरून जीन्सची टेस्ट होते, हाडं ठिसूळ होणार की नाही ते आधीच कळतं, ऑफर चालू आहे म्हणे. करून घेऊ का? खरं सांगायचं तर भीती वाटतीय.

उत्तर : टेस्टचं आधी सांगून टाकते, नका करू. ते पैसे राहू द्या, हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेला, म्हणजे डेक्सा स्कॅनला लागतील. का ते आता जरा सावकाश सांगते, कारण तुमच्या पत्रात जवळपास सगळ्यांचेच प्रश्न येऊन गेलेत.

हाडांची घनता आनुवंशिक असते का, तर असते, चांगलीच असते. यावर जुळ्यांचे अभ्यास झालेत (जुळे सोलापूरवाल्यांचे नव्हे, खऱ्याखुऱ्या जुळ्यांचे). १९८७ साली सिडनीच्या संशोधकांनी असाच एक केला. हुबेहूब जुळ्या (म्हणजे जनुकं एकच असलेल्या) बहिणींची हाडं एकमेकींशी किती जुळतात आणि साध्या जुळ्या बहिणींची किती, हे ताडून बघायचं. त्यानंतर बऱ्याच देशांत असे अभ्यास झाले आणि सगळ्यांचं मिळून उत्तर असं की माणसामाणसांच्या हाडांच्या घनतेत जो फरक दिसतो त्यातला साधारण ५० ते ८० टक्के जनुकांमुळे असतो. हा आकडा ऐकला की बायका एकदम गप्प होतात. पण तो आकडा फरकाचा आहे हो, तुमची ८० टक्के हाडं आईने मोडून ठेवलीत असा त्याचा अर्थ नाही.

हाडांची बँक असं सगळे डॉक्टर म्हणतात, मी पेव म्हणते, म्हणजे जमिनीखालचं धान्याचं कोठार, कारण माझं माहेर मंगळवेढ्याकडचं आणि ज्वारीचं पेव मी लहानपणी उतरताना बघितलंय. साधारण तिशीपर्यंत पेव भरत असतं. त्यानंतर काही वर्षं आहे तसं राहतं आणि मग उपसा सुरू होतो. पाळी जायच्या आसपासच्या चार-पाच वर्षांत हा उपसा सगळ्यात जोरात, वर्षाला साधारण २ टक्के धरा, कारण हाड खाणाऱ्या पेशींना इस्ट्रोजेन हे बाईचं हार्मोन वेसण घालून ठेवत असतं आणि आता तेच गेलेलं असतं. हा उपसा सगळ्यांचाच होतो, कमीजास्त. जनुकांचा मोठा हात आहे तो पेव मुळात केवढं भरलं यात. किती वेगाने उपसलं यात त्यांचा हात आहे पण बराच कमी.

याचा पुरावा म्हणून मला १९८९ सालचा मेलबर्नचा अभ्यास फार आवडतो. हाडं ठिसूळ झालेल्या बायकांच्या मुली तपासल्या, ज्यांची पाळी अजून चालू होती, म्हणजे झीज सुरू व्हायच्या आतल्या. तर त्यांच्या मणक्यांची घनता तेव्हाच बरोबरीच्या बायकांपेक्षा कमी निघाली. म्हणजे मुलींचं पेवच थोडं उथळ होतं. तुमचंही असेल, असू शकतं. माझंही आहे, माझा टी-स्कोर (तरुण बाईच्या मानाने हाडं किती भरलीत त्याचा आकडा) उणे १.९ आहे आणि तरी मी रोज तीन मजले चढते.

मग थुंकीची टेस्ट का नको? कारण हाडांचं एक जनुक नाहीच. १९९४ मध्ये मोठा गाजावाजा झाला होता, ड जीवनसत्त्वाचा जो रिसेप्टर असतो त्याच्या जनुकावरच हाडांची बरीचशी आनुवंशिकता अवलंबून आहे असं सिडनीच्याच एका गटाने म्हटलं, जगभर बातम्या झाल्या, टेस्टची भाषा सुरू झाली. तीन वर्षांनी त्यांनाच दुरुस्ती छापावी लागली, जुळ्यांच्या काही नमुन्यांची तपासणी चुकली होती आणि परिणाम वाटला त्यापेक्षा बराच लहान निघाला. पुढे २००६ मध्ये २६ हजारांवर माणसं तपासली तेव्हा त्या जनुकातल्या ज्या बदलांवर एवढा गवगवा झाला होता त्यांचा घनतेशी संबंधच दिसला नाही. आणि २०१८च्या शेवटाला जो अभ्यास आला त्यात ब्रिटनमधली ४ लाख २६ हजार माणसं होती, त्यात हाडांच्या घनतेशी संबंधित जनुकसंचातल्या ५१८ जागा सापडल्या, ऐका, ५१८, आणि एवढ्या सगळ्या मिळूनही माणसामाणसातला फरक समजला तो २० टक्के. आता तुमचा लॅबवाला त्यातल्या चार-पाच जागा बघून तुम्हाला रंगीत रिपोर्ट देणार. आणि ती सगळी माणसं होती युरोपी वंशाची, आपल्या बायकांना ते गणित तसंच्या तसं लागू करणं म्हणजे दुसरीच्या मापाचा ब्लाऊज घालण्यासारखं.

तुमच्याकडे याहून चांगली टेस्ट फुकटात आहे, ती म्हणजे माहेर. पण ते विचारायचं कसं ते सांगते. "आईला हाडांचा त्रास होता" याने काही कळत नाही. कोणाचं काय मोडलं, कितव्या वर्षी मोडलं आणि कशाने मोडलं, हे तीन. वय फार महत्त्वाचं आहे. स्वीडनमध्ये हजारो जुळ्यांचे फ्रॅक्चर बघून २००५ साली जे निघालं त्याने आम्ही सगळेच चकित झालो होतो. ६९ वर्षांच्या आत खुबा मोडला असेल तर त्यात आनुवंशिकतेचा वाटा ६८ टक्के, ६९ ते ७९ मध्ये ४७ टक्के, आणि ७९ नंतर फक्त ३ टक्के. म्हणजे तुमची आई ८४व्या वर्षी ओल्या फरशीवर पडली असती तर मी तुम्हाला म्हटलं असतं फरशी पुसा आणि निवांत झोपा, कारण त्या वयात तोल, डोळे, झोपेच्या गोळ्या आणि रात्रीचा अंधार हेच खुबा मोडतात. पण ६६व्या वर्षी, उभ्या उंचीवरून, उंबऱ्याला अडकून, म्हणजे ही खूण धरायची.

फ्रॅक्चरचा धोका काढायचं फ्रॅक्स नावाचं गणित आहे, इंग्लंडमधल्या शेफील्डला २००८ मध्ये तयार झालं, त्यात भारताचंही वेगळं कोष्टक आहे. त्यात एकाही जनुकाचं नाव विचारत नाहीत. विचारतात ते आईवडिलांपैकी कोणाचा खुबा मोडला होता का. कारण तेवढ्या एका उत्तराने आपला खुबा मोडायचा धोका जवळजवळ दुप्पट होतो. बाकी वय, वजन, उंची, स्वतःचं आधीचं फ्रॅक्चर, सिगरेट, दारू, स्टिरॉइड, आमवात अशा साध्या गोष्टी.

तर ही तपासणी साधारण ज्या वयात सांगतात त्या ६५ची तुम्ही वाट बघायची नाही, आत्ताच खुबा आणि कंबर अशी डेक्सा करून घ्या. सोबत कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि किडनीच्या रक्ततपासण्या. रिपोर्ट ठीक आला तर पुन्हा कधी ते डॉक्टर सांगतील, दरवर्षी करायची गरज नसते. आणि तो उंबरा काढता आला तर काढाच, तो आनुवंशिक नाही.

प्रश्न : सासूबाईंना पोक आहे, चुलत सासूबाईंना पण. घरात सगळे म्हणतात आमच्या घराण्यातच आहे, आता सुनेलाही होणार. मी ३६ वर्षांची, एक मुलगी आहे १३ वर्षांची. होईल का मला? (होटगी रोड)

उत्तर : सासूकडून स्वभाव येतो म्हणतात, हाडं येत नाहीत. तुम्ही तुमच्या माहेरचं विचारा. सासरहून येतं ते स्वयंपाकघर, सगळ्यांचं झाल्यावर उरलेलं जेवायचं, दूध नवऱ्याला आणि पोरांना द्यायचं, उन्हात जायचं नाही, ही रीत तेवढी मोडा.

पण मुलीचं मात्र लक्षात घ्या, कारण तिच्या बापाकडून तिला आजीची जनुकं येतात. हाडांचा वारसा फक्त आईकडूनच येतो असा आपल्याकडे समज आहे तो चुकीचा, बापाकडूनही तेवढाच येतो, आणि बापाच्या आईचं पोक म्हणजे मुलीच्या माहेरचंच की. तिचं वय १३ म्हणजे पेव भरायचे दिवस चालू आहेत, या चार-पाच वर्षांत जेवढं भरतं तेवढं नंतर कधीच नाही. तिला पळू दे, दोरीच्या उड्या मारू दे, खोखोत घाला. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं, जनुकं दोन्ही हातांना एकच, मग फरक कशाने झाला सांगा. क्लासवरून क्लासला स्कूटीवर तोंड बांधून जाणाऱ्या पोरी बघितल्या की मला त्यांच्या साठीची काळजी वाटते, मार्कांची नाही.

प्रश्न : मी मोहोळ तालुक्यातली. वय ४३. दहा वर्षामागं पिशवी काढली, अंगावरून जात होतं म्हणून. आता कंबर धरतीय, मागच्या महिन्यात नुसतं हातावर पडले तर मनगट मोडलं. मोठ्या बहिणीची पण पिशवी काढलीय, तिला पण असंच हाय. डॉक्टर म्हणले तुमच्या घरातच हाडं कच्ची हायत. खरं हाय का?

उत्तर : ताई, मला तसं वाटत नाही. दोघी बहिणींना एकच गोष्ट झाली म्हणून ती रक्तातून आली असं होत नाही, दोघींवर एकच ऑपरेशन झालंय.

तुमचं डिस्चार्ज कार्ड शोधा. पत्र्याच्या पेटीत, रेशन कार्डाच्या पिशवीत, कुठं असेल तिथून काढा आणि त्यात बघून घ्या, नुसती पिशवी काढली की दोन्ही बाजूची अंडाशयं पण काढली. बऱ्याच बायकांना हे सांगितलेलंच नसतं. अंडाशयं काढली असतील तर ३३व्या वर्षी एका दिवसात इस्ट्रोजेन बंद झालं, आपल्याकडे पाळी साधारण ४६-४७ला जाते, म्हणजे तुमचा उपसा तेरा-चौदा वर्षं आधी सुरू झाला. अंडाशयं ठेवली असली तरी ती कधीकधी काही वर्षं लवकर थांबतात.

बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांची सरकारी पाहणी झाली होती, ८२ हजारांवर बायकांमध्ये १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी तिशीतल्या, चाळिशीच्या आतल्या. त्यांच्या मुली उद्या साठीच्या होतील आणि म्हणतील आमच्या आईला पोक होतं, मावशीला होतं, घराणंच तसं. असं घराणं तयार होतं बघा, एका जनुकाशिवाय. मला या विषयावर बोलताना राग आवरत नाही, असो.

तुम्ही आता दोन कामं करायची. ते कार्ड घेऊन चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जायचं आणि विचारायचं की मला हार्मोनच्या गोळ्या चालतील का, कारण अंडाशयं लवकर गेलेल्या बाईला नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत त्या बऱ्याचदा देतात, स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या असं काही नसेल तर. आणि डेक्सा करायची. नुसतं पडून मनगट मोडणं ही साधी गोष्ट नाही, प्लास्टर काढलं की संपलं असं समजू नका. बहिणीलाही सोबत न्या.

प्रश्न : आम्ही पद्मशाली समाजातले, अशोक चौकात राहतो. मुलाचं त्याच्या मामाच्या मुलीशी ठरवायचं चाललंय. पण दोघांची आजी (माझी आई) पूर्ण वाकलेली आहे. एकाच रक्तात दिलं तर नातवंडांची हाडं अजून कच्ची होतील का?

उत्तर : आजीच्या पोकासाठी सोयरीक मोडू नका. म्हातारपणीचा ठिसूळपणा शेकडो जनुकांच्या बारीक बारीक वाट्याने येतो, त्यात मामाची मुलगी केल्याने फार मोठा फरक पडत नाही.

नात्यातल्या लग्नात काळजी असते ती वेगळ्या आजारांची, जिथे आई आणि बाप दोघांकडून एकच बिघडलेलं जनुक आलं तरच आजार होतो. हाडांचेही असे काही दुर्मीळ आजार आहेत. तर एवढं आठवून बघा, तुमच्या दोन्ही घरांत कोणा लहान मुलाची हाडं पुन्हा पुन्हा मोडत होती का, डोळ्यांचा पांढरा भाग निळसर होता का, दात काचेसारखे तुटायचे का, तरुणपणीच ऐकू कमी यायला लागलं का. यातलं काही असेल किंवा लहानपणी गेलेली मुलं असतील तर लग्नाआधी जेनेटिक सल्ला घ्या, पुण्याला-मुंबईला मिळतो. नसेल तर पत्रिकेचं तुमचं तुम्ही बघा.

प्रश्न : आमची मंडळी विड्या वळते, वय ५६. वॉर्डात फुकट शिबिर होतं, पाय मशीनमध्ये घालून टेस्ट केली, उणे २.८ आलं. हाडं झिजली म्हणाले, तीन हजाराची पावडर दिली. गुडघे दुखतात तिचे आधीपासून. तिची आई पण गुडघ्यानं बेजार होती. काय करावं?

उत्तर : पावडर परत घेत असतील तर परत करा.

टाचेची ती मशीन ध्वनिलहरींवर चालते. त्यावरून फार तर डेक्साला कोणाला पाठवायचं ते ठरवता येईल, औषध सुरू करता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये जी पट्टी ठरवली, उणे १ च्या वर ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे घनता कमी, उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, ती डेक्साची आहे. टाचेच्या मशीनचा उणे २.८ आणि डेक्साचा उणे २.८ यात शेर आणि किलोइतका फरक असू शकतो.

आणि डेक्सा केल्यावरसुद्धा एक गोष्ट ध्यानात ठेवा. ती मशीन हाडाची सावली मोजते, जाडी मोजत नाही. बाई चणीने लहान असेल, चार फूट दहा इंच, चाळीस-बेचाळीस किलो, तर तिची हाडंच लहान असतात आणि आकडा आहे त्याहून वाईट दिसतो. वर तुलना बहुतेक वेळा गोऱ्या अमेरिकन तरुणींशी केलेली असते. म्हणून नुसत्या आकड्यावर घाबरायचं नाही, वय, वजन, आधीचं फ्रॅक्चर, आईवडिलांचा खुबा हे सगळं सोबत बघायचं.

आता मूळ घोळ. आपल्या मराठीत "हाडं झिजली" हा एकच शब्द दोन वेगळ्या आजारांना वापरतात आणि त्यावर कितीतरी लोक पोट भरतात. गुडघा दुखतो तो सांध्यातली गादी झिजल्याने, तो संधिवातातला प्रकार. हाडं ठिसूळ होणं वेगळं, ते दुखतच नाही हो, मोडेपर्यंत एक शब्द बोलत नाही. तिच्या आईचे गुडघे दुखत होते यावरून तिची हाडं ठिसूळ होतील असं काही निघत नाही. आईचं काही मोडलं होतं का ते विचारा.

आणखी एक, गुडघ्यासाठी कोणाकडून बिननावाच्या पुड्या घेतल्यात का कधी? दोन दिवसांत एकदम बरं वाटतं त्या? त्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, आणि तीन महिने स्टिरॉइड पोटात गेलं तर चांगल्या भरलेल्या पेवालाही भोक पडतं. दम्याच्या, आमवाताच्या खऱ्या औषधातही असतं पण तिथे डॉक्टर हाडांकडे लक्ष ठेवतो. विड्या वळायला सूप मांडीवर घेऊन दिवसभर घरातच बसणं होतं, तर मधूनमधून उठायला सांगा, आणि मिश्री लावत असतील तर ती सोडवा, मिश्रीवर वेगळा लेख लिहीन कधीतरी.

प्रश्न : मी बीएस्सीला आहे. आजीला (७४) दर सहा महिन्यांनी हाडांचं इंजेक्शन देतात, तीन झाली, आता ती म्हणते बरं वाटतंय, बास. दुसरं, जीन टेस्टचा उपयोग नाही असं तुम्ही एकदा व्याख्यानात म्हणालात, मग एवढे जीन्स शोधून फायदा काय झाला?

उत्तर : आजीला इंजेक्शन सोडण्यापासून आधी थांबव. तू सांगतोस ते बहुतेक डेनोसुमॅब असणार. ते मध्येच सोडलं की दाबून ठेवलेली झीज एकदम उसळते, आणि काही जणांचे एकापाठोपाठ एक मणके दबतात. बंद करायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध देऊन करतात, ते डॉक्टरांनी ठरवायचं. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेव, सहाचे सात महिनेसुद्धा होऊ देऊ नकोस. दात काढायचा असेल तर दातवाल्याला या इंजेक्शनचं आधी सांगायचं. काहींना हाडांसाठी आठवड्याची अलेंड्रोनेटची गोळी असते ती वेगळी, ती सकाळी उपाशीपोटी ग्लासभर साध्या पाण्याबरोबर, चहाबरोबर नाही, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही.

आता फायदा काय झाला. तर आजीचं इंजेक्शन हाच एक फायदा. हाड खाणाऱ्या पेशींना चेतवणारं एक प्रथिन असतं, रँक-एल, ते हे औषध अडवतं, आणि त्या प्रथिनाचं जनुकही पुढे त्या मोठ्या शोधांत सापडलंच.

दुसरी गोष्ट याहून भारी आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकानेर (डच वंशाच्या गोऱ्या) लोकांत काही घरं होती ज्यांची हाडं मोडतच नाहीत. ऐकायला बरं वाटतं पण हाडं वाढत राहतात, कवटी जाड होते, नसा दाबल्या जाऊन बहिरेपणा येतो, तोंड वाकडं होतं. हॉलंडमध्ये उर्क नावाचं मच्छीमारांचं गाव आहे, पूर्वी ते बेट होतं, तिथेही तसाच पण जरा सौम्य आजार. २००१-०२ मध्ये कळलं की दोन्हीकडे भानगड एकाच जनुकाची, स्क्लेरोस्टिन नावाचा ब्रेक तयार करणारं जनुक. ब्रेकच नाही तर हाड वाढतच जाणार. मग कोणीतरी डोकं लावलं की ठिसूळ हाडांच्या बाईत हाच ब्रेक थोडे दिवस सैल केला तर? त्यातून रोमोसोझुमॅब आलं, अमेरिकेत २०१९ मध्ये परवानगी मिळाली, वर्षभर महिन्याला एकदा घ्यायचं, हार्ट ॲटॅक किंवा लकवा नुकताच होऊन गेलेल्यांना मात्र चालत नाही.

अमेरिकेत भरीव हाडांचं आणखी एक घराणं सापडलं, २००२ मध्ये त्यावर लिहून आलं, एलआरपी-५ नावाच्या जनुकात बदल. हाडं इतकी भरीव की पोहायला गेले तर तरंगणं अवघड. त्याच जनुकात दुसऱ्या प्रकारचा बिघाड झाला तर मुलांची हाडं बालपणीच मोडतात आणि दृष्टी जाते. म्हणजे एकच जनुक, एकीकडे लोखंड आणि एकीकडे पापड. अशा दुर्मीळ घरांमुळे औषधं सापडली, तुझ्या आजीच्या थुंकीतून काही सापडणार नाही एवढंच मी व्याख्यानात म्हटलं होतं, तू अर्धंच ऐकलंस.

प्रश्न : खाण्याचं सांगा. कडक भाकरी, शेंगा चटणी एवढंच जातं. चुना खाल्ला तर कॅल्शियम मिळतं असं व्हिडिओत बघितलं. (एकाच अर्थाची अकरा पत्रं)

उत्तर : चुना भिंतीला लावा. तोंड भाजतं, आणि किती पोटात गेला याला माप नाही.

शेंगा चटणीवर माझं प्रेम आहे पण तिच्यात कॅल्शियम फार नाही, ज्वारीतही नाही, १०० ग्रॅमला पंचवीस-तीस मिलिग्रॅम. पाळी गेलेल्या बाईला आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२०च्या शिफारशीप्रमाणे दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लागतं. नाचणीत १०० ग्रॅमला ३५०च्या आसपास, ग्लासभर दुधात सव्वादोनशे-अडीचशे. दूध पचत नाही म्हणणाऱ्यांची संख्या आपल्याकडे बरीच आहे आणि ते खरोखर जनुकांमुळे असतं, त्यांनी दही-ताक घ्यावं, ते बहुतेकांना सोसतं. तिळाचा एक मोठा चमचा म्हणजे शंभराच्या आसपास. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ थापतो ते एक दिवसच का थापायचे, रोज ज्वारीच्या भाकरीवर थापा की. तेवढ्याने नाही भागलं तर गोळी, पण किडनी स्टोन असेल तर विचारून.

आणि ऊन. सोलापुरात बसून ड जीवनसत्त्व कमी, हे बाहेरच्या डॉक्टरांना सांगितलं तर ते हसतात. पण मे महिन्यात पारा ४३ला गेल्यावर कोण उन्हात उभं राहणार, आणि पहाटे सातच्या कोवळ्या उन्हात ते फारसं तयार होत नाही. आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असते तेव्हाचं ऊन लागतं, हातपाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगेमागे, हे सहज जमतं, गच्चीवर कपडे वाळत घालायचं काम त्या वेळेला ठेवा. ६० हजार युनिटची पुडी डॉक्टरांनी दिली असेल तर ती आठवड्यातून एकदा असते, रोज घेऊन उलट्या करत आलेल्या बायका मी बघितल्यात.

प्रश्न : तुम्ही सारखं माहेरी विचारा म्हणता. माझी आई मी सात वर्षांची असताना गेली, ती ३५ची होती. मावशी नाही, आजी आठवत नाही. वडील पण गेले. मी ६१ वर्षांची. मी कोणाला विचारू?

उत्तर : तुमचं पत्र दोनदा वाचलं. आणि चूक माझीच आहे, माहेर असतंच असं धरून मी लिहिते.

तुमचं अंगच विचारा मग. लग्नात तुमची उंची किती होती? आठवत नसेल तर लग्नाचा फोटो काढा, नवऱ्याच्या कुठपर्यंत येत होतात, खांद्यापर्यंत की कानापर्यंत. आता त्यांच्या शेजारी उभ्या राहा (ते पण थोडे वाकले असतील, ते धरून चाला). किंवा जुना परकर नेसून बघा. ज्या परकराची लांबी बरोबर होती तो आता जमिनीवर घोळत असेल, ब्लाऊज पाठीत आखूड होत असेल, तर कापड वाढलेलं नाही, तुम्ही कमी झालायत. दीड इंचाच्या वर उंची गेली असेल तर मणके गुपचूप दबले असण्याची शक्यता असते, बऱ्याच जणींना ते दुखलेलंसुद्धा आठवत नाही. पाठीचा एक साधा एक्स-रे त्यासाठी पुरतो, आणि डेक्सा.

आज चप्पल काढून दाराच्या चौकटीला पाठ टेकून उभ्या राहा, डोक्यावर पुस्तक सरळ ठेवून कोणालातरी पेन्सिलीने रेघ मारायला सांगा, खाली तारीख. सहा महिन्यांनी परत. तुम्हाला मुलगी असेल तर तिलाही ती रेघ दाखवा, आणि माझ्याकडे पुढच्या वेळी उंचीचा आकडा लिहून पाठवा.